शंभुनाथ डे यांचे तीन शोधनिबंध आणि उल्लेखांची मोजदाद

अरुंधती_प (धागाकर्ती)

संसर्गजन्य रोगांवर काम करणाऱ्या एखाद्या संशोधकाची योग्यता ठरवायची वेळ आली, की आज निवड समितीपुढे आधी तीन आकडे ठेवले जातात: त्याचे शोधनिबंध किती, इतरांनी त्यांचा उल्लेख किती वेळा केला आणि त्याचा एच-इंडेक्स (निबंधसंख्या आणि उल्लेख यांना जोडणारा एक आकडा) किती. हे आकडे काय सांगतात आणि काय सांगू शकत नाहीत, याची चर्चा मोघमपणे होऊ नये, एका माणसाच्या कामाला धरून व्हावी, या हेतूने हा धागा काढत आहे. तो माणूस म्हणजे कॉलऱ्याच्या विषाचा शोध लावणारे कलकत्त्याचे शंभुनाथ डे (१९१५–१९८५).

डे हुगळी जिल्ह्यातल्या गरिबाटी या खेड्यात जन्मले. कलकत्ता मेडिकल कॉलेजातले शिक्षण संपल्यावर काही वर्षांनी ते लंडनला गेले आणि १९४७ ते १९४९ या काळात सर रॉय कॅमेरून या नामवंत विकृतिशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी पीएच.डी. केली. परतल्यावर ते नीलरतन सरकार मेडिकल कॉलेजात आणि १९५५ पासून कलकत्ता मेडिकल कॉलेजात शिकवू लागले. तिथूनच १९७३ मध्ये ते निवृत्त झाले. म्हणजे त्यांचे सगळे महत्त्वाचे काम शिकवणे, शवविच्छेदन आणि रुग्णालयातल्या तपासण्या सांभाळून झालेले आहे.

त्यांच्यापुढचा प्रश्न जुना होता. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यातच कॉलऱ्याचा जंतू निश्चित केला आणि हा जंतू आतड्यात राहून एखादे विष सोडत असावा, असा तर्कही केला. पुढच्या सत्तर वर्षांत ते विष कोणालाही खात्रीने दाखवता आले नाही, कारण त्यासाठी योग्य प्राणीच मिळत नव्हता. पूर्ण वाढलेल्या सशाला जंतू पाजले तर त्याला काही होत नाही. शिरेत किंवा पोटाच्या पोकळीत टोचले तर तो मरतो, पण त्या मरणाचे कॉलऱ्याशी काही साम्य नसते. साहजिकच, जंतू फुटल्यावर त्याच्या कवचातून सुटणारे एन्डोटॉक्सिन हेच रोगाचे मूळ असले पाहिजे, ही समजूत पक्की होत गेली.

डे यांनी सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा जागच्या जागी, रक्तपुरवठा शाबूत ठेवून, दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधला, त्या बंद तुकड्यात जंतूंचे संवर्धन, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवलेला द्रव, टोचले आणि पोट शिवून टाकले. दुसऱ्या दिवशी तो तुकडा द्रवाने तट्ट फुगलेला असे. शेजारच्या, नुसतेच निर्जंतुक द्रव टोचलेल्या तुकड्यात असे काही होत नसे. डी. एन. चटर्जी यांच्यासह लिहिलेला हा निबंध १९५३ मध्ये ‘जर्नल ऑफ पॅथॉलॉजी अँड बॅक्टेरिऑलॉजी’त आला. १९५६ मध्ये त्यांनी हीच पद्धत अतिसाराच्या रुग्णांत सापडणाऱ्या ई. कोलाय जंतूंना लावली. आणि १९५९ च्या मे महिन्यात ‘नेचर’मध्ये त्यांच्या एकट्याच्या नावाने एक लहानसा निबंध छापून आला. त्यात संवर्धनातले सगळे जंतू गाळून काढले होते आणि उरलेला जंतुविरहित द्रव बांधलेल्या तुकड्यात टोचला होता. तुकडा तरीही फुगला. कॉख यांचा तर्क पंचाहत्तर वर्षांनी खरा ठरला: पाणी आतड्यात ओढून आणणारी वस्तू जंतू बाहेर सोडतो, आणि ती वस्तू तेवढी मिळाली तर जंतूंची गरजही उरत नाही.

इतका स्पष्ट निष्कर्ष, तोही ‘नेचर’सारख्या नियतकालिकात. तरीही पहिली काही वर्षे त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. युजीन गारफील्ड यांनी, म्हणजे ज्यांनी सायन्स सायटेशन इंडेक्स ही शोधनिबंधांच्या उल्लेखांची सूची उभी केली त्यांनीच, १९८६ मध्ये कॉलरा-संशोधनाचा नकाशा मांडणारा एक लेख खास डे यांच्यावर लिहिला आणि १९५९ चा निबंध सुरुवातीला दुर्लक्षित राहिला, आज मात्र तो मैलाचा दगड मानला जातो, असा निर्वाळा दिला. तोवर डे यांना जाऊन वर्ष होत आले होते. १९७८ मध्ये स्टॉकहोमला कॉलऱ्यावर नोबेल परिसंवाद भरला, तेव्हा त्यांना सन्मानाने बोलावण्यात आले होते. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचे नाव नोबेलसाठी एकापेक्षा अधिक वेळा सुचवले होते. इकडे भारतातल्या एकाही विज्ञान अकादमीने त्यांना फेलो केले नाही. ‘करंट सायन्स’ने त्यांच्यावर विशेषांक काढला तो १९९० मध्ये.

माझे म्हणणे असे आहे, की उल्लेखांची संख्या निबंधाची योग्यता मोजत नाही. त्या विषयावर त्या काळात किती माणसे काम करत होती आणि त्यांना त्या निबंधातले नेमके काय उपयोगी पडले, हे ती मोजते. १९५९ मध्ये कॉलरा हा गंगेच्या खोऱ्यापुरता उरलेला आणि ओसरत चाललेला रोग समजला जात होता. १९६१ मध्ये इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरून कॉलऱ्याच्या जंतूच्या एल टॉर या प्रकाराची सातवी जागतिक साथ निघाली, १९६४ मध्ये ती भारतात पोहोचली. त्याआधीच, १९६० मध्ये, ढाक्याला कॉलऱ्याची स्वतंत्र प्रयोगशाळा उभी राहिली होती, आणि आता अमेरिकेचा पैसा व माणसेही या विषयाकडे वळली. १९६९ मध्ये फिंकेलस्टीन आणि लोस्पालुटो यांनी ते विष शुद्ध स्वरूपात वेगळे काढले, तेव्हा कुठे डे यांच्या निबंधाला वाचकवर्ग मिळाला. निबंधातले एक अक्षरही या दहा वर्षांत बदललेले नव्हते.

संशोधनाच्या मापनशास्त्राशी परिचित असलेल्या सदस्यांनी यावर लिहावे, अशी विनंती आहे.

जुना_ग्रंथपाल

धागा वाचून समाधान वाटले. आकडेमोडीच्या बाजूने काही गोष्टी सांगतो.

गारफील्ड यांनी उल्लेखसूचीची कल्पना १९५५ मध्ये मांडली ती वाचकांच्या सोयीसाठी. एखादा जुना निबंध हाती असेल, तर त्याचा आधार घेऊन पुढे कोणी काय लिहिले हे शोधता यावे, इतकाच तिचा हेतू होता. माणसांना गुण देण्यासाठी तिचा वापर नंतर सुरू झाला. नियतकालिकांचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातल्या एका लेखाला सरासरी किती उल्लेख मिळतात याचे माप, तर फक्त मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांवर काढतात. त्यामुळे १९५९ च्या निबंधाला १९७० मध्ये मिळालेल्या उल्लेखांची ‘नेचर’च्या त्या मापात शून्य किंमत आहे. हळूहळू पिकणाऱ्या विषयांवर हा अन्याय कोणी मुद्दाम केलेला नाही, पण मापाच्या रचनेतच तो आहे.

जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवलेल्या एच-इंडेक्सचे गणितही पाहा. ज्याचे किमान दहा निबंध प्रत्येकी दहा वेळा उल्लेखले गेले, त्याचा इंडेक्स दहा. डे यांनी वर सांगितलेले तीनच निबंध लिहिले असते आणि प्रत्येकाला हजार उल्लेख मिळाले असते, तरी त्यांचा इंडेक्स तीनच राहिला असता. हे माप सातत्याला मान देते, शिखराला देत नाही.

एक अडचण अगदी किरकोळ वाटेल, पण शोध घेणाऱ्याला ती फार छळते. डे हे आडनाव रोमन लिपीत दोन अक्षरांचे आहे. त्याच अक्षरांचा उपसर्ग शेकडो डच, फ्रेंच आणि पोर्तुगीज नावांत येतो, आणि केवळ आद्याक्षरांवरून शोध घेतला तर दुसऱ्याच बंगाली संशोधकांचे निबंधही त्यांच्या खाती जमा होतात. संशोधकाला कायमचा क्रमांक देणारी ऑर्किड पद्धत २०१२ मध्ये आली, त्यामुळे आधीच्या पिढीला तिचा उपयोग नाही. म्हणून कोणत्याही संकेतस्थळावर आयता दिसणारा ‘एस. एन. डे यांचा एच-इंडेक्स’ मी तरी प्रमाण मानणार नाही. निबंध एकेक करून पडताळणे हाच मार्ग आहे.

परळकर

धाग्यात मुंबईचा उल्लेख यायला हवा होता, तो मी करतो. डे कलकत्त्यात बांधलेल्या आतड्यावर प्रयोग करत होते, त्याच दशकात परळच्या हाफकिन संस्थेत एन. के. दत्ता आणि त्यांचे सहकारी याच कोड्याला दुसऱ्या बाजूने भिडलेले होते. मोठ्या सशाला कॉलरा होत नसेल तर सशाच्या दूधपित्या पिल्लांना होतो का, हे त्यांनी पाहिले आणि तो होतो हे दाखवले. दत्ता आणि हब्बू यांचा तो निबंध १९५५ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ फार्माकॉलॉजी’त आला. औषधांची चाचणी घेता यावी हा त्यांचा मूळ उद्देश होता. पुढे १९५९ च्या उत्तरार्धात दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांचा निबंध ‘जर्नल ऑफ बॅक्टेरिऑलॉजी’त छापला गेला आणि त्यात जिवंत जंतू नसलेल्या अर्कानेही पिल्लांना जुलाब होतात, हे दाखवलेले आहे.

म्हणजे एकाच वर्षी, एकाच देशातल्या दोन शहरांत, दोन निरनिराळ्या पद्धतींनी जवळपास एकच निष्कर्ष निघाला. दत्तांची पद्धत पुढे अमेरिकेत गेली आणि फिंकेलस्टीन यांच्या १९६४ च्या निबंधावर सहलेखक म्हणून दत्तांचे नाव आहे. विष शुद्ध करण्याच्या कामाची सुरुवात तिथून होते. आज डे यांचे नाव निदान जाणकारांना तरी माहीत असते. पानसे आणि कुलकर्णी ही नावे मात्र मुंबईच्या वैद्यकीय वर्तुळातही कोणाला आठवत असतील असे वाटत नाही. उपेक्षितांमध्येही पायऱ्या असतात.

शंकेखोर

लेख चांगला असला तरी युक्तिवादात मला एक धोका दिसतो. ज्यांना आधी दुर्लक्ष सोसावे लागले आणि नंतर मान मिळाला, त्यांच्याच गोष्टी आपण सांगतो. ज्यांच्या निबंधांना उल्लेख मिळाले नाहीत, त्यांतल्या बहुतेकांना ते न मिळण्याचे कारण निबंधातच असते. डे यांचे उदाहरण देऊन कोणताही संशोधक ‘माझेही दिवस येतील’ असे म्हणू लागला, तर निवड समितीने काय करावे?

कॉलऱ्याच्याच इतिहासातले दुसरे उदाहरण घ्या. कलकत्त्याचे हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये, कॉलऱ्याच्या रुग्णांना मीठ आणि ग्लुकोज घातलेले पाणी तोंडाने देऊन भागवता येते, असे लिहिले होते. जलसंजीवनीच्या इतिहासात आज त्यांचे नाव आदराने घेतले जाते आणि ‘पाश्चात्त्यांनी दुर्लक्ष केले’ असेही म्हटले जाते. पण त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, शरीरात किती पाणी गेले आणि किती बाहेर पडले याची काटेकोर नोंद नव्हती. साशंक वाचकाने तो बाजूला ठेवला, तर त्याला केवळ पूर्वग्रह म्हणता येईल का? दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत तेच तत्त्व वापरले, तेव्हा मधल्या काळात ढाका आणि कलकत्ता इथे झालेल्या मोजमापांचा भक्कम आधार त्यांच्यामागे होता.

अरुंधती_प (धागाकर्ती)

शंकेखोर, तुमचा आक्षेप योग्य आहे आणि चटर्जींविषयी तुम्ही म्हणता ते मला बहुतांशी मान्य आहे. पण दोन्ही उदाहरणे एका मापाने मोजता येणार नाहीत, असे मला वाटते. डे यांच्या १९५९ च्या निबंधात तुलनेचा तुकडा त्याच सशात, शेजारीच होता. प्रयोग कोणत्याही साध्या प्रयोगशाळेत पुन्हा करून पाहता येण्यासारखा होता, आणि पुढे ज्यांनी केला त्यांना तोच निष्कर्ष मिळाला. निबंध न वाचला जाण्याचे कारण तिथे निबंधात नव्हते.

निवड समितीने काय करावे, याला माझे उत्तर कंटाळवाणे आहे: समितीने निबंध वाचावा. डे यांचा ‘नेचर’मधला मजकूर वाचायला चहाचा एक कप संपायला लागतो तेवढा वेळ पुरतो. समितीला तेवढी सवड नसेल, तर ती कारकुनी करते आहे, निवड करत नाही. संशोधकांचे मूल्यमापन नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवर करू नये, हे सांगणारा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा २०१२ च्या बैठकीतून निघाला आणि २०१५ मध्ये लायडन जाहीरनामाही आला. त्यांतला मुख्य आग्रह हाच आहे.

परळकर, दत्तांचा उल्लेख मी करायला हवा होता असे तुम्ही म्हणालात, ते खरे आहे. त्यात आणखी एक भर घालते. बांधलेल्या आतड्याची कल्पनासुद्धा पूर्णपणे नवी नव्हती. व्हिओल आणि क्रेंदिरोपुलो यांनी १९१५ मध्येच फ्रेंचमध्ये तशा प्रयोगांची टिपणी प्रसिद्ध केली होती आणि ती साफ विसरली गेली. डे यांनी ती पद्धत स्वतंत्रपणे शोधून काढली. तेव्हा न वाचल्या गेलेल्या निबंधाचे हे उदाहरण पाहताना त्याच्याही मागे एक न वाचलेला निबंध आहे, याची नोंद असावी.

वैद्य_मास्तर

मी एका वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. पदोन्नतीसाठी ठरावीक संख्येने निबंध दाखवावे लागतात, त्यामुळे आमच्याकडे वर्षाअखेरीस काय धावपळ चालते, हे इथल्या अनेकांना ठाऊक असेल. पैसे भरल्यावर आठवड्यात निबंध छापून देणारी नियतकालिके याच गरजेवर जगतात. त्याविषयी अधिक लिहीत नाही, कारण विषय उल्लेखांचा आहे.

डे यांच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण याच क्षेत्रात नुकतेच घडले आहे. फ्रान्समधल्या मार्सेयचे दिदिए राऊल्त हे संसर्गजन्य रोगांतले अतिशय विपुल लिहिणारे संशोधक. महाकाय विषाणूंवरचे त्यांच्या गटाचे काम भक्कम आहे आणि त्यांच्या नावावरचे निबंध हजारांत मोजावे लागतात. मार्च २०२० मध्ये त्यांच्या गटाने कोविडवर हायड्रॉक्सीक्लोरोक्विन उपयोगी पडते, असा निष्कर्ष जेमतेम ३६ रुग्णांवरून काढणारा निबंध प्रसिद्ध केला. तो पाठवल्यानंतर एका दिवसात स्वीकारला गेला होता. संशोधनाच्या नैतिक संमतीविषयी आणि पद्धतीविषयी शंका उपस्थित झाल्यावर डिसेंबर २०२४ मध्ये तो मागे घेण्यात आला, पण तोवर त्याला तीन हजारांहून अधिक उल्लेख मिळालेले होते. यांतले पुष्कळ उल्लेख त्याला खोडून काढणाऱ्यांचे आहेत. मोजणारे यंत्र मात्र ‘याने सिद्ध केले’ आणि ‘हे चूक आहे’ या दोन्ही वाक्यांना एकेकच गुण देते.

उल्लेखसंख्या विषयाभोवतीची गर्दी मोजते, हे धागाकर्तीचे विधान मला इथे सर्वांत जास्त पटते. २०२० मध्ये कोविडभोवती जितकी गर्दी होती, तितकी वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच कुठल्या विषयाभोवती झाली असेल.

जुना_ग्रंथपाल

वैद्य मास्तरांच्या मुद्द्याला जोड देतो. गारफील्ड यांच्या १९८६ च्या लेखात नुसत्या बेरजेपेक्षा सहउल्लेखांना महत्त्व होते. दोन जुने निबंध तिसऱ्या नव्या निबंधात एकत्र उल्लेखले जातात, तेव्हा त्यांच्यात एक धागा जोडला जातो. असे हजारो धागे मांडले, की विषयाचा नकाशा दिसू लागतो आणि कोणता निबंध कोणत्या कामाच्या मुळाशी आहे, हे बेरजेपेक्षा बरेच स्पष्ट कळते.

शिवाय खूप यशस्वी निबंधाचे उल्लेख एका टप्प्यानंतर कमी होतात, हेही लक्षात ठेवावे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रकाराची नोंद केली आहे. कॉलऱ्याचा जंतू विष सोडतो ही गोष्ट पाठ्यपुस्तकात गेली, की ती लिहिताना कोणी डे यांचा हवाला देत नाही. दिलाच तर १९६९ च्या शुद्धीकरणाचा किंवा एखाद्या नव्या आढावा-लेखाचा देतात. या विषाची जनुके जंतूत एका विषाणूमार्फत येतात, हे वॉल्डर आणि मेकालानोस यांनी १९९६ मध्ये दाखवले. त्यानंतर तर विषयाची सुरुवातच तिथून सांगणारे पुष्कळ झाले.

प्रथम_वर्ष_एमडी

माझा एक साधा प्रश्न आहे. तीन निबंधांपैकी १९५६ च्या निबंधाविषयी कोणीच काही लिहिलेले नाही. तो तुलनेने कमी महत्त्वाचा आहे का? आणि १९५३ च्या निबंधाला १९५९ पेक्षा जास्त उल्लेख आहेत असे मी ऐकले आहे. शोधापेक्षा पद्धतीला जास्त मान मिळावा, हे विचित्र वाटते.

अरुंधती_प (धागाकर्ती)

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. पद्धत सांगणाऱ्या निबंधाला जास्त उल्लेख मिळणे हा नियमच आहे. जगात सर्वाधिक उल्लेख झालेला निबंध लाऊरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा आहे, तो प्रथिनांचे प्रमाण मोजण्याच्या रीतीविषयी आहे आणि त्याचे उल्लेख तीन लाखांच्या पुढे गेलेले आहेत. तो मानवी ज्ञानातला सर्वांत मोठा शोध आहे, असे त्याचे लेखकही म्हणाले नसते. डे यांचा १९५३ चा निबंध कॉलऱ्याशी संबंध नसलेल्यांनाही लागतो, कारण जुलाब घडवणारा कोणताही जंतू त्या बांधलेल्या तुकड्यात तपासता येतो. १९५९ चा निबंध कॉलऱ्याच्या विषावर काम करणाऱ्यांनाच लागतो.

१९५६ चा निबंध कमी महत्त्वाचा मुळीच नाही. भट्टाचार्य आणि सरकार यांच्यासह लिहिलेल्या त्या निबंधात, अतिसाराच्या रुग्णांतून वेगळे काढलेले ई. कोलाय कॉलऱ्याच्या जंतूंप्रमाणेच आतड्याचा तुकडा फुगवतात, हे दाखवले आहे. ई. कोलाय हा निरोगी माणसाच्याही आतड्यात राहणारा जंतू असल्यामुळे, त्याचे काही प्रकार विष सोडत असतील ही शक्यता तेव्हा फारशी कोणी विचारात घेत नव्हते. १९६७ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम्स स्मिथ आणि शीला हॉल्स यांनी प्राण्यांतल्या ई. कोलायवर बांधलेल्या आतड्याचीच पद्धत वापरून तो विषय पुढे नेला, आणि नंतर ई. कोलायच्या एका विषाची रचना कॉलऱ्याच्या विषाशी फार जवळची असल्याचे आढळले. लहान मुलांच्या आणि प्रवाशांच्या अतिसारामागे याच जंतूंचा मोठा वाटा असतो, हे तुम्ही यंदाच्या वर्षात शिकालच.

तुम्हाला हे स्वतः तपासायचे असेल, तर ग्रंथालयातून तिन्ही निबंधांची उल्लेखसूची काढून घ्या आणि दर दशकातले थोडे निबंध निवडून डे यांचे नाव त्यांत कुठे येते ते पाहा. नाव पद्धतीच्या विभागात आले असेल, तर तिथे केवळ ससा आणि दोरा वापरलेला असतो. ते निष्कर्षांच्या चर्चेत आले असेल, तर लेखक खरोखर त्यांच्याशी बोलत असतो. हे वर्गीकरण करून इथे मांडलेत, तर त्यासाठी वेगळा धागा काढण्याचीही गरज नाही.